कर्नल साईक्स आणि सह्याद्रीचे थर

हरिश्चंद्रगडावर सहल गेली, की मुलं हमखास विचारतात, डोंगराला या पायऱ्या कुणी पाडल्या? हे उत्तर शोधायला सुरुवात करणाऱ्यांमध्ये कर्नल विल्यम हेन्री साईक्स यांचं नाव येतं.

त्यांचा जन्म 1790 सालचा, इंग्लंडमधला. कोवळ्या वयातच ते ईस्ट इंडिया कंपनीच्या मुंबई फौजेत दाखल झाले. 1817 च्या खडकीच्या लढाईत ते होते. पुढे 1824 मध्ये गव्हर्नर एल्फिन्स्टन यांनी त्यांच्याकडे दख्खनची सांख्यिकी माहिती गोळा करण्याचं काम दिलं. माणसं, पिकं, पक्षी, पाऊस, दगड, सगळ्याची नोंद! डोंगराची उंची ते बॅरोमीटरने, तसंच पाणी किती तापमानाला उकळतं त्यावरून काढत.

1829 मध्ये सरकारने हे पदच बंद केलं. तरी साईक्स यांनी काम अर्धवट टाकलं नाही. मानद म्हणून ते पूर्ण करूनच 1831 मध्ये ते मायदेशी निघाले.

त्यांना दिसलं, की घट्ट बेसाल्ट आणि पोकळ्या भरलेला खडक यांचे आडवे थर एकावर एक आहेत. पण थर वेगवेगळे का, हे तेव्हा उमगणं शक्य नव्हतं. त्यासाठी रसायनशास्त्र हवं होतं.

सुमारे 6.6 कोटी वर्षांपूर्वी खोलवरचा खडक थोडा वितळून शिलारस वर आला. वाटेत तो साठून थंडावला. ऑलिव्हिनचे स्फटिक आधी तयार होऊन तळाशी बसले आणि मॅग्नेशियम घेऊन गेले. उरलेल्या रसात लोहाचं प्रमाण वाढलं. म्हणजे रस जसा मुरला, तसा लाव्हा बदलला! काही थरांत मोठमोठे पांढरट स्फटिक दिसतात. हा रस जमिनीखाली बराच काळ थांबला होता, याची ती खूण मानतात. 1980 च्या दशकात रासायनिक घटकांवरून थरांचे गट पाडले गेले. त्यातल्या एकाला आपल्या अकोले तालुक्यातल्या कळसूबाईचं नाव आहे.

एक दुरुस्ती. साईक्स यांनी 1835 मध्ये कोकणकड्यावर इंद्रवज्र पाहिलं, असं सर्रास लिहिलं जातं. खरं तर 1835 हे त्यांचा हवामानावरचा निबंध छापला गेल्याचं वर्ष. तेव्हा ते भारतात नव्हतेच.

साईक्स 1872 मध्ये वारले. पुढच्या सहलीत मुलांना एवढंच करायला लावा : कड्यावरचे थर मोजून वहीत लिहा. कारण आज कळलं नाही, तरी नोंद पक्की असली की उद्या कुणाला तरी कळतं.