स्वतःचीच नळी न कळलेला माणूस

गणपतीत कांजूरमार्गचे स्पीकर होस्टेलच्या खोलीपर्यंत येतात ना? त्या अ‍ॅम्प्लिफायरचं मूळ ली डी फॉरेस्टकडे जातं. जन्म 1873, अमेरिका, येलचा पीएचडी. 1906 मध्ये त्याने काचेच्या नळीत तापलेली फिलामेंट आणि प्लेट यांच्यामध्ये तिसरी तार घातली, तीच ग्रिड. वापर मात्र रेडिओचा सिग्नल पकडायला! आवाज मोठा होतो हे त्याला उमगलं 1912 मध्ये. त्यातही, नळीत थोडा वायू हवाच असं धरून बसला. व्होल्टेज चढवलं की आत निळा उजेड आणि कारभार ठप्प. अर्नोल्ड आणि लँगम्युर यांनी नळी पुरती निर्वात केली, तेव्हा कुठे तिच्यातून पॉवर निघू लागली. 1913 मध्ये, ही नळी कुचकामी असून तिच्या नावावर शेअर विकले, असा खटला त्याच्यावर चालला. तो सुटला, दोन साथीदार तुरुंगात गेले. 1915 मध्ये न्यूयॉर्क-सॅन फ्रान्सिस्को फोन याच नळीच्या जोरावर बोलू लागला. डी फॉरेस्ट 1961 मध्ये वारला. बँकेत जेमतेम साडेबाराशे डॉलर.