गोपाळ गणेश आगरकर : विवेक, नीती आणि शिक्षण

गोपाळ गणेश आगरकर यांचे नाव आपण समाजसुधारक म्हणून ऐकलेले असते. बालविवाह, केशवपन, सोवळेओवळे यांवरील त्यांच्या टीकेचा उल्लेख पाठ्यपुस्तकांतूनही येतो. या टीकेच्या मुळाशी असलेला तत्त्वज्ञानाचा प्रश्न मात्र बहुधा दुर्लक्षित राहतो. माणसाने चांगले का वागावे, या प्रश्नाला परंपरेचे उत्तर होते की शास्त्राची तशी आज्ञा आहे आणि परलोकात त्याचे फळ आहे. हे उत्तर ज्याच्या बुद्धीला पटत नाही, त्याच्या नीतीला आधार कोणता? आगरकरांचे उणेपुरे एकोणचाळीस वर्षांचे आयुष्य या प्रश्नाच्या उत्तरात खर्ची पडले.

त्यांचा जन्म १८५६ साली कऱ्हाडजवळच्या टेंभू या गावी झाला. घरची स्थिती अत्यंत हलाखीची. कऱ्हाड, रत्नागिरी, अकोला असे आप्तांच्या आणि स्नेह्यांच्या आश्रयाने फिरत त्यांनी शालेय शिक्षण पुरे केले आणि पुण्याच्या डेक्कन कॉलेजात प्रवेश मिळवला. अंगावरचा एकुलता एक सदरा रात्री धुऊन सकाळी तोच घालण्याची त्यांची हकीकत प्रसिद्धच आहे. मोठ्या परीक्षा दिल्यावर मुलगा मोठ्या पगाराची नोकरी धरील, या आशेवर असलेल्या आईला त्यांनी पत्राने कळवले, की आपण पोटापुरत्या पैशावर संतोष मानून उरलेला वेळ परहितात घालवणार आहोत. दारिद्र्यातून शिकलेल्या मुलाने हे लिहावे आणि पुढे शब्दशः पाळावे, ही साधी गोष्ट नव्हे.

कॉलेजात त्यांचा विशेष व्यासंग इतिहास आणि तत्त्वज्ञान यांचा होता. जॉन स्टुअर्ट मिल आणि हर्बर्ट स्पेन्सर या इंग्रज तत्त्वचिंतकांचा त्यांच्यावर खोल ठसा उमटला. मिलने कोणत्याही आचाराची कसोटी माणसांच्या सुखवृद्धीत शोधली, व्यक्तीच्या विचारस्वातंत्र्याला समाजाच्या दडपणापासून जपावे असे सांगितले आणि स्त्रियांच्या पारतंत्र्याला तर्काचा आधार नाही हे दाखवले. स्पेन्सरने समाज, धर्मसंस्था आणि देवकल्पना यांचीही क्रमाने उत्क्रांती होते असा सिद्धांत मांडला. आगरकरांच्या ‘देवतोत्पत्ति’ या निबंधात या विचारसरणीची छाया स्पष्ट दिसते. ईश्वराच्या अस्तित्वाविषयी ते अज्ञेयवादी राहिले. परंतु त्यामुळे नीतीचे बंधन सैल होते हे त्यांना मान्य नव्हते. परलोकातील फळाच्या आशेने केलेले सत्कर्म त्यांच्या दृष्टीने हिणकस होते. दुसऱ्याचे दुःख आपल्या बुद्धीला आणि सहानुभूतीला जाणवले म्हणून केलेली कृती त्यांना अधिक मोलाची वाटे. अशी सहानुभूती आणि असा विवेक माणसात आपोआप उपजत नाही. तो घडवावा लागतो. येथे त्यांची नीतिमीमांसा शिक्षणाला येऊन मिळते.

टिळक आणि आगरकर यांची मैत्री डेक्कन कॉलेजातलीच. शिक्षणासाठी आयुष्य वाहण्याचा निश्चय दोघांनी तेथेच केला. विष्णुशास्त्री चिपळूणकर, टिळक आणि नामजोशी यांनी १८८० साली सुरू केलेल्या न्यू इंग्लिश स्कूलमध्ये आगरकर एम. ए. झाल्यावर दाखल झाले. १८८१ मध्ये ‘केसरी’ निघाला आणि त्याचे संपादकत्व त्यांच्याकडे आले. कोल्हापूरच्या दिवाणांवरील लेखनामुळे १८८२ साली टिळक आणि आगरकर या दोघांनाही डोंगरीच्या तुरुंगात १०१ दिवस काढावे लागले. त्यानंतर १८८४ मध्ये डेक्कन एज्युकेशन सोसायटी आणि १८८५ मध्ये फर्ग्युसन कॉलेज उभे राहिले.

पुढे या दोन मित्रांत जी फूट पडली, तिच्याकडे केवळ स्वभावभेद म्हणून पाहणे अपुरे ठरते. समाज सावकाश बदलतो, परकी सरकारने कायद्याने त्यात हात घालू नये, हा टिळकपक्षाचा युक्तिवाद होता. गंमत अशी, की राज्यसत्तेने हस्तक्षेप करू नये असे स्पेन्सरचेही मत होते! आगरकरांनी येथे आपल्या गुरूला सोडले. अल्पवयीन मुलीच्या देहाला इजा होत असताना समाजाची उत्क्रांती होईपर्यंत थांबा म्हणणे त्यांना अनीतीचे वाटले. संमतिवयाची मर्यादा दहावरून बारावर नेणाऱ्या १८९१ च्या कायद्याला त्यांनी पाठिंबा दिला. त्यापूर्वी १८८७ मध्ये ‘केसरी’ सोडून १८८८ मध्ये त्यांनी ‘सुधारक’ सुरू केला होता. त्याची इंग्रजी बाजू गोपाळ कृष्ण गोखले सांभाळत. या लेखनाची किंमत त्यांना मोजावी लागली. सनातन्यांनी पुण्याच्या रस्त्यांतून त्यांची जिवंतपणी प्रेतयात्रा काढली.

स्त्रिया आणि पुरुष यांना एकच शिक्षण द्यावे आणि तेही एकत्र द्यावे, अशी मागणी त्यांनी केली. ज्या काळी मुलींना शाळेत धाडणेच अनेकांना धाडस वाटे, त्या काळची ही मागणी आहे. मराठीच्या विद्यार्थ्याने त्यांचे ‘वाक्यमीमांसा’ हे व्याकरणविषयक पुस्तकही लक्षात ठेवावे. वाक्याची नीट फोड करता येणे आणि विचाराची नीट फोड करता येणे या गोष्टी परस्परांपासून दूर नाहीत, असे ते वाचताना प्रस्तुत लेखकाला वाटत आले आहे.

त्यांच्या पत्नी यशोदाबाई श्रद्धाळू होत्या; व्रतवैकल्ये पाळत. आगरकरांनी त्यांना अडवले नाही. काही टीकाकारांनी यात विसंगती पाहिली आहे. परंतु मतस्वातंत्र्य हे ज्याचे मूलतत्त्व, त्याने घरात सक्ती केली असती तर ती विसंगती अधिक मोठी ठरली असती.

प्राचार्य वामन शिवराम आपटे यांच्या निधनानंतर १८९२ मध्ये आगरकर फर्ग्युसनचे प्राचार्य झाले. तेथे गणित शिकवणाऱ्या धोंडो केशव कर्वे यांनी १८९३ साली विधवेशी विवाह केला, तेव्हा गावाकडच्या समाजाने त्यांना बहिष्कृत केले. कॉलेजातील त्यांची जागा मात्र कायम राहिली. आगरकरांना दम्याचा विकार जुना होता. त्यातच १७ जून १८९५ रोजी त्यांचा अंत झाला. आपल्या अंत्यविधीचा भार कोणावर पडू नये म्हणून त्यांनी थोडे पैसे पुडीत बांधून उशाशी ठेवले होते, असे सांगतात. ‘केसरी’त त्यांच्यावरील मृत्युलेख टिळकांनी लिहिला.