तीन पिढ्यांची नोंद : डॉ. जॉर्ज हंटिंग्टन



ज्यांचे नाव एका कठीण आनुवंशिक आजाराला दिले गेले, त्या डॉ. जॉर्ज हंटिंग्टन यांचा जन्म ९ एप्रिल १८५० रोजी अमेरिकेतील ईस्ट हॅम्प्टन या गावी झाला. आजोबा एबेल आणि वडील जॉर्ज ली हे दोघेही त्याच गावचे डॉक्टर होते. बालपणी वडिलांबरोबर रुग्णांकडे जात असता त्यांना वाटेत दोन कृश स्त्रिया दिसल्या. त्या मायलेकी होत्या. दोघींचेही अंग आपोआप वाकत, पिळवटत होते. ते दृश्य ते जन्मभर विसरले नाहीत.

१८७१ साली ते कोलंबियातून डॉक्टर झाले. दुसऱ्याच वर्षी, अवघ्या एकविसाव्या वर्षी, त्यांनी ओहायोतील मिडलपोर्ट येथे या आजारावर निबंध वाचला. आजोबांच्या व वडिलांच्या टिपणांमुळे एकाच परिसरातील कुटुंबांचा पिढ्यान्‌पिढ्यांचा वृत्तान्त त्यांच्या हाती होता. त्यावरून त्यांनी दाखवून दिले, की हा आजार बहुधा प्रौढ वयात प्रकटतो, मनावरही आघात करतो आणि आईबापांकडून मुलांकडे येतो. जे अपत्य त्यातून सुटले, त्याच्या वंशात मात्र तो पुन्हा येत नाही. मेंडेल या मठवासी धर्मगुरूचे आनुवंशिकतेचे नियम १८६६ साली छापले गेले होते, तरी जगाने त्यांची दखल घेतली ती १९०० साली!

हंटिंग्टन यांनी पुढे साध्या गावडॉक्टराचे आयुष्य पत्करले. ३ मार्च १९१६ रोजी ते निवर्तले. त्यांनी दाखविलेल्या वाटेनेच व्हेनेझुएलातील मोठ्या कुटुंबांच्या वंशावळी अभ्यासल्या गेल्या. १९८३ साली दोषाची जागा चौथ्या गुणसूत्रावर आढळली आणि १९९३ साली ते जनुक सापडले. बाधित व्यक्तीच्या प्रत्येक अपत्याला तो दोष मिळण्याची शक्यता निम्मी असते. हा आजार समूळ बरा करणारा उपाय अद्याप नाही.

वाचकहो, ती पीडित घराणी या आजाराचे नावदेखील उच्चारीत नसत. आपल्या घरांतून तरी काय निराळे घडते? सोयरीक मोडेल या भयाने आपण किती गोष्टी झाकून ठेवतो! जन्मांध मनुष्याला पाहून शिष्यांनी पाप कोणाचे असे विचारले, तेव्हा प्रभूने तो दोष ना त्याच्यावर ठेवला, ना त्याच्या आईबापांवर. मग आपण का ठेवावा?

दिल्ली, नोएडा, गुरुग्राम येथे नोकरीनिमित्त वसलेल्या आपल्या कुटुंबांची आठवण गावाकडील वडीलधाऱ्यांपाशी राहिली आहे. त्यांना प्रेमाने विचारा. मंडळीच्या बाप्तिस्मा व दफनाच्या नोंदवह्या पाहा. पुरुषासाठी चौकोन, स्त्रीसाठी वर्तुळ काढून तीन पिढ्या मांडा. कोणाला कोणता आजार कोणत्या वयात झाला, ते लिहा. शंका वाटल्यास तो कागद एम्स किंवा सर गंगाराम रुग्णालयातील आनुवंशिकीच्या तज्ज्ञांना दाखवा. तपासणी करावी की नाही, हा निर्णय मात्र ज्याचा त्याने समुपदेशनानंतर घ्यावा.

पवित्र शास्त्रातील वंशावळींत दुःखितांची व कलंकितांचीही नावे गाळलेली नाहीत. आपल्याही वंशावळीत सत्यच लिहिले जावो.