वाटा आखणारा डॉक्टर

कळवणहून कामानिमित्त नाशिकला जाणाऱ्याला गोल्फ क्लब मैदान ठाऊक असते. कागदोपत्री ते हुतात्मा अनंत कान्हेरे मैदान. तेथे माणसे सकाळी फिरतात, पोरे क्रिकेट खेळतात, सभा गाजतात. दिसत नाही तो फक्त गोल्फ! त्यामुळे हा खेळ म्हणजे पैसेवाल्यांची हिरवळीवरची रपेट, असाच आपला समज. डॉ. ॲलिस्टर मॅकेन्झी यांचे आयुष्य पाहिले की तो जरा ढळतो.

यॉर्कशायरमध्ये १८७० साली जन्मलेले मॅकेन्झी केंब्रिजला शिकले आणि बोअर युद्धात लष्करी डॉक्टर म्हणून दक्षिण आफ्रिकेत गेले. तेथील शेतकरी जमिनीच्या चढउतारात असे दडून बसत की इंग्रज फौजेला ते दिसतच नसत. जमीन माणसाला कशी फसवते, हे डॉक्टरांच्या मनात ठसले. पुढे पहिल्या महायुद्धात त्यांनी सैनिकांना दडण्याची हीच विद्या शिकवली आणि शांततेच्या काळात ती गोल्फच्या मैदानांवर वापरली. दवाखाना हळूहळू मागे पडला. गंमत म्हणजे, स्वतः ते बराच काळ बेताचेच खेळाडू होते.

कदाचित म्हणूनच त्यांना बेताच्या खेळाडूची कणव होती. आपल्या सप्तशृंगी गडाचेच पाहा. गावातून वर देवीपर्यंत कोणी पायऱ्यांनी जातो, तर गुडघे दुखणारा २०१८ पासून सुरू झालेल्या ट्रॉलीत बसतो. दर्शन दोघांनाही होते. मॅकेन्झींच्या मैदानावरही असेच. दांडगा गडी वाळूच्या खड्ड्यावरून थेट फटका मारील. दुसरा वळसा घेईल, एक फटका जास्त खर्च करील, पण पोहोचेल. म्हणून जाणता खेळाडू आधी झेंड्याकडे पाहतो. शेवटचा फटका कोठून सोपा जाईल, वारा कोणीकडचा, उतार कोठे नेईल, हे ताडून मग पहिला फटका ठरवतो.

कॅलिफोर्नियातील सायप्रस पॉइंट हे त्यांचे मैदान १९२८ साली खुले झाले. त्याचा सोळावा टप्पा खडकाळ किनाऱ्यावर आहे. मध्ये उसळता पॅसिफिक, पलीकडे हिरवळ; अंतर २०० यार्डांहून अधिक. आधीच्या आरेखकाला ते फारच वाटले होते. तेव्हा १९२१ च्या अमेरिकन महिला विजेत्या मॅरियन हॉलिन्स यांनी तेथेच चेंडू ठेवला आणि समुद्रापार टोलावला. प्रश्न मिटला! ज्याची छाती होत नाही त्याच्यासाठी डावीकडून जमिनीची वाट आहेच.

पुढल्याच वर्षी बॉबी जोन्स हा त्या काळचा सर्वश्रेष्ठ खेळाडू जवळच्या पेबल बीचवर पहिल्याच फेरीत हरला. हाती मोकळे दिवस आले, म्हणून तो मॅकेन्झींच्या मैदानांवर खेळला आणि ऑगस्टा येथील आपल्या स्वप्नातल्या मैदानासाठी त्याने याच डॉक्टरांना निवडले. रुंद पट्टे आणि वाळूचे खड्डे अवघे २२! पण तो मंदीचा काळ. डॉक्टरांनी मानधन निम्म्यावर आणले, तेही पुरते मिळाले नाही. ऑगस्टावर उगवलेले गवत त्यांनी कधी पाहिले नाही. जानेवारी १९३४ मध्ये ते वारले. तेथली पहिली स्पर्धा, आजची मास्टर्स, मार्चमध्ये झाली.

त्यांच्या एका पुस्तकाचे हस्तलिखित कित्येक दशके हरवलेले होते. ते सापडून १९९५ साली छापले गेले. सायप्रस पॉइंटच्या त्या सोळाव्या टप्प्याचे श्रेय डॉक्टरांनी त्यात स्वतःकडे घेतलेले नाही. ते मॅरियनबाईंना दिले आहे.