शून्यावर चार बाद

आमच्या कॉलेजच्या क्रिकेट संघात दोन भाषा बोलल्या जातात. पॅव्हेलियन म्हणून आम्हाला जे पत्र्याचे छप्पर मिळाले आहे, त्याखालच्या डाव्या बाकावर मराठी चालते, उजव्या बाकावर कन्नड, आणि पाण्याच्या घागरीपाशी दोन्ही. मी संघाचा धावलेखक. वाणिज्य शाखेचा विद्यार्थी असल्यामुळे माझ्या बेरजा चुकणार नाहीत, असा सरांचा समज! शिक्षण मराठी माध्यमातून झाले असले तरी गल्लीत खेळलो कन्नड मुलांबरोबर. त्यामुळे दोन्ही बाकांवरचे बोलणे मला सारखेच कळते. गेल्या मोसमात मात्र हे कळणे मला फार जड गेले.

आमचा वेगवान गोलंदाज हा संघाचा हिरा. त्याचे नाव येथे लिहीत नाही. हा हिरा तितकाच खोडकर. कोणाच्या बुटांच्या नाड्या एकमेकींना बांधून ठेव, कोणाच्या चहात मीठ टाक, हे त्याचे रोजचे उद्योग. आम्ही सारे पोट धरून हसत असू. पण एका आंतरमहाविद्यालयीन सामन्यात त्याने आमच्या अकराव्या खेळाडूचे हातमोजे लपवले. हा मुलगा पहिल्या वर्षाचा, खेड्यातून आलेला, कन्नडभाषक. नववा गडी बाद झाला तेव्हा विजयाला नऊ धावा हव्या होत्या. बिचाऱ्याने धावाधाव केली, शेवटी दुसऱ्याचे मोठ्या मापाचे मोजे चढवून तो घामाघूम होऊन मैदानात गेला आणि पहिल्याच चेंडूवर त्याचा त्रिफळा उडाला. सामना हातचा गेला.

डावा बाक म्हणाला की मस्करी जरा अंगाशी आली, एवढेच. उजव्या बाकावर एकच शब्द फिरत होता : सोक्कु. कन्नडमध्ये सोक्कु म्हणजे माज. प्रसंग एकच, पण एका बाकावर त्याचे नाव गंमत आणि दुसऱ्यावर गर्व. बोलाचाली बंद झाल्या. घागरीपाशीसुद्धा कोणी दुसऱ्या बाजूच्याला पेला पुढे करीना. अखेर जिमखाना समितीने ठरवले की त्या खेळाडूला पुढच्या मोसमात ठेवावे की वगळावे, याविषयी संघातील प्रत्येकाने सुटी संपण्यापूर्वी आपले मत लेखी द्यावे. तो कोरा कागद बॅगेत घालूनच मी सुटीत बडोद्याला आत्याकडे गेलो.

आत्याचे बिऱ्हाड दांडिया बाजारात. तिचे यजमान, म्हणजे आमचे मामा, जुने क्रिकेटवेडे. मी त्यांना सारी हकीकत सांगितली आणि विचारले, की बडोद्याने इतके मोठे खेळाडू पाहिले, त्यांत असा खोडकर कोण होता? मला त्याचे चरित्र वाचायचे आहे. मामांनी कपाटातून जुनी कात्रणे काढली आणि माझ्यापुढे नेमका उलटा माणूस ठेवला. तो म्हणजे विजय सॅम्युएल हजारे. खोड्या तर सोडाच, जरुरीपेक्षा एक शब्दही अधिक न बोलणारा. प्रथम मी हिरमुसलो. पण आठ दिवस त्या कात्रणांत बुडाल्यावर कळले की मला हवे होते ते येथेच आहे.

हजारे आपल्याकडचेच. ११ मार्च १९१५ रोजी त्यांचा जन्म सांगलीत, एका मराठी ख्रिस्ती शिक्षकाच्या घरी झाला. देवासच्या महाराजांनी त्यांचे गुण हेरले. ऑस्ट्रेलियाचा नामांकित फिरकी गोलंदाज क्लॅरी ग्रिमेट याचे मार्गदर्शनही त्यांना लाभले. १९३९-४० च्या मोसमात महाराष्ट्राकडून खेळताना त्यांनी पुण्यात नाबाद ३१६ धावा काढल्या, आणि गंमत अशी की त्या काढल्या बडोद्याविरुद्ध! पुढे याच बडोद्याने त्यांना आपलेसे केले आणि १९४१-४२ पासून जवळजवळ वीस वर्षे ते बडोद्याकडून खेळले. ज्यांनी आपल्याला सळो की पळो केले, त्यालाच घरचा करून घेण्याचे हे शहाणपण बडोद्यालाच सुचावे.

डिसेंबर १९४३. मुंबईच्या ब्रेबोर्न स्टेडियमवर पंचरंगी सामन्यांची अंतिम लढत. त्या काळी संघ धर्मावर उभे राहत, आणि ख्रिस्ती असल्यामुळे हजारे शेष संघात होते. याच स्पर्धेत त्यांनी मुस्लिम संघाविरुद्ध २४८ धावा केल्या होत्या. अंतिम सामन्यात हिंदू संघाच्या विजय मर्चंट यांनी नाबाद २५० धावा काढून तो आकडा मागे टाकला. शेष संघ पहिल्या डावात १३३ धावांत आटोपला, त्यांतल्या ५९ हजारे यांच्या. फॉलोऑननंतर ते पुन्हा उभे राहिले. संघाच्या ३८७ धावांपैकी ३०९ एकट्या हजारे यांनी केल्या, तरीही सामना एक डाव आणि ६१ धावांनी गेला.

मी धावलेखक असल्यामुळे माझी नजर त्या ३०९ वर न थांबता दुसऱ्या एका आकड्यावर गेली. त्या डावात त्यांचे बंधू विवेक यांच्याबरोबर त्यांची ३०० धावांची भागीदारी झाली. विवेक यांच्या स्वतःच्या धावा किती? अवघ्या २१. धावांच्या हिशेबाने पाहिले तर दुसरा भागीदार नाममात्र. पण तो तासन्‌तास एक टोक धरून उभा राहिला, म्हणून तर पहिल्याच्या धावा जमा झाल्या. लहान आकड्याच्या माणसाशिवाय मोठा आकडा उभा राहत नाही. आमच्या अकराव्या खेळाडूची मला येथे पहिल्यांदा आठवण झाली.

मार्च १९४७ मध्ये बडोद्यातच रणजी करंडकाचा अंतिम सामना झाला. समोर होळकर संघ, सी. के. नायडू यांचा. बडोद्याचे तीन गडी ९१ धावांत बाद झाले असताना हजारे आणि गुल महंमद एकत्र आले. गुल महंमद हे लाहोरचे, बुटके आणि चपळ. या जोडीने ५७७ धावांची भागीदारी केली. गुल महंमद ३१९, हजारे २८८. बडोद्याचा डाव ७८४ धावांचा झाला आणि बडोद्याने सामना एक डाव व ४०९ धावांनी जिंकला. त्या भागीदारीचा जागतिक विक्रम २००६ सालापर्यंत टिकला. तेव्हा श्रीलंकेच्या संगकारा आणि जयवर्धने यांनी ६२४ धावा काढून तो मोडला. एक सांगलीचा मराठी ख्रिस्ती, दुसरा लाहोरचा पंजाबी मुसलमान. एकाची मायबोली दुसऱ्याची नव्हे. पुढे पाचच महिन्यांनी देशाची फाळणी झाली. पण त्या मैदानावर एकाने हाक दिली की दुसरा धावत होता. एका संघाला दोन भाषा असल्या म्हणून बाकही दोन असलेच पाहिजेत, असे कोठे आहे?

त्याच वर्षाअखेर लाला अमरनाथ यांच्या संघाचे उपकर्णधार म्हणून हजारे ऑस्ट्रेलियाला गेले. जानेवारी १९४८ मधील ॲडलेडच्या कसोटीत ऑस्ट्रेलियाने ६७४ धावा रचल्या. २०१ धावांवर ब्रॅडमन यांचा त्रिफळा उडवला तो हजारे यांनीच. मग फलंदाजीस येऊन पहिल्या डावात ११६ आणि फॉलोऑननंतर १४५. एकाच कसोटीच्या दोन्ही डावांत शतके काढणारे ते पहिले भारतीय. समोर गोलंदाज होते लिंडवॉल आणि कीथ मिलर.

या मिलरपाशी मला थोडे थांबले पाहिजे, कारण माझ्या मूळ प्रश्नाचा माणूस हाच. दुसऱ्या महायुद्धात विमान चालवलेला हा देखणा अष्टपैलू खेळाडू मैदानावर मुलासारखा मौज करी. मे १९४८ मध्ये इंग्लंडमधील साउथएंड येथे इसेक्सविरुद्ध ऑस्ट्रेलियाने एका दिवसात ७२१ धावा कुटल्या. दुबळ्या गोलंदाजांना असे तुडवण्यात मिलरला रस नव्हता. तो आला, पहिल्याच चेंडूवर बॅट बाजूला घेतली आणि त्रिफळा उडवून घेऊन परत गेला. याला माज म्हणावे की दिलदारपणा? ब्रॅडमनच्या शिस्तीत ते बसणारे नव्हते, हे खरे. पण त्या खोडीची किंमत कोणी भरली, ते पाहा. शून्य लागले ते मिलरच्या नावापुढे. संघ सुरक्षित होता. दुसऱ्या कोणाचे काही गेले नाही.

आता चौथे कात्रण. जून १९५२, लीड्स. हजारे आता भारताचे कर्णधार होते. त्याच वर्षी फेब्रुवारीत मद्रासला त्यांच्या नेतृत्वाखाली भारताने इंग्लंडला एक डाव आणि ८ धावांनी हरवून कसोटीतला आपला पहिलावहिला विजय मिळवला होता. लीड्सला दुसऱ्या डावात फ्रेड ट्रूमन हा नवा गोलंदाज आग ओकू लागला आणि भारताचे चार गडी बाद झाले तेव्हा फलकावर धावा होत्या शून्य! शून्यावर चार बाद. त्या चौघांत बडोद्याचे तरुण दत्ता गायकवाडही होते, आणि तो त्यांचा पहिलाच कसोटी सामना होता. अशा वेळी हजारे खेळपट्टीवर उभे राहिले. पाच बाद २६ झाल्यावर दत्तू फडकर यांना साथीला घेऊन त्यांनी १०५ धावांची भर घातली आणि स्वतः ५६ केल्या. पहिल्या डावात तरुण विजय मांजरेकर यांच्या शतकाला साथ देत त्यांनी ८९ केल्या होत्या. कसोटी गेली, मालिकाही गेली. पण शून्यावर चार असताना खेळपट्टीवर कोण उभा होता, हे कोणी विसरले नाही.

हजारे यांचे मौन सर्वस्वी गुणच होता, असेही मी म्हणणार नाही. कर्णधाराला बोलावे लागते, धाक घालावा लागतो, पाठ थोपटावी लागते. हे त्यांच्या भिडस्त स्वभावात नव्हते. त्यांचे नेतृत्व बचावात्मक असल्याची टीका झाली आणि कर्णधारपदाच्या ओझ्याने एका थोर फलंदाजाचे नुकसान झाले, असे जाणकारांनी म्हटले. त्यांच्या कर्णधारपदाखाली चौदा कसोटी झाल्या आणि विजय मिळाला तो एकच. म्हणजे मौनाचीही किंमत असते, आणि कधीकधी ती संघालाही भरावी लागते. परंतु १९५२ च्या अखेरीस पाकिस्तानचा संघ प्रथमच भारतात आला तेव्हा कर्णधारपद पुन्हा अमरनाथ यांच्याकडे गेले आणि हजारे साधे खेळाडू म्हणून खेळले. मुंबईच्या कसोटीत त्यांनी नाबाद १४६ धावा केल्या. त्या दिवशी समोरच्या संघात त्यांचे बडोद्याचे जुने सहकारी अमीर इलाही होते!

तीस कसोटींत २१९२ धावा आणि सात शतके, १९६० मध्ये पद्मश्री, आणि १८ डिसेंबर २००४ रोजी बडोद्यातच देहावसान. आज देशातील एकदिवसीय सामन्यांच्या करंडकाला त्यांचे नाव आहे. एका संध्याकाळी मामांनी मला मोतीबागेच्या मैदानावर नेले. लहान मुले सराव करीत होती. एक पोरगा दुसऱ्याची टोपी पळवून हसत सुटला होता. तेवढ्यात तिसऱ्याच्या पायाला चेंडू लागला, तशी टोपी टाकून तोच सर्वांत आधी त्याच्याकडे धावला. मामा काही बोलले नाहीत, मीही नाही. पण रात्री मी तो कोरा कागद बाहेर काढला.

मित्रहो, मी काय लिहिले ते आता उघड करायला हरकत नाही. खोडकर खेळाडू गर्विष्ठच असतो असे नाही, आणि मुका खेळाडू विनम्रच असतो असेही नाही. हसणे किंवा गप्प बसणे हा ज्याचा त्याचा स्वभाव. गर्व ओळखायचा असेल तर दोनच ठिकाणी पाहावे. एक, त्याच्या गमतीचा खर्च कोणाच्या खात्यावर पडतो? दुसरे, शून्यावर चार बाद असताना तो कोठे असतो? आमच्या मित्राने त्या दिवशी आपली गंमत संघातल्या सर्वांत दुबळ्या माणसाच्या नावे खर्ची टाकली. ही त्याची चूक, आणि उजव्या बाकाचा शब्द त्या दिवसापुरता खरा. पण याच मित्राने त्या मोसमात दुखऱ्या खांद्याने षटकामागून षटके टाकली होती, हेही माझ्याच वहीत आहे. म्हणून त्याला वगळू नये. त्याने त्या मुलाची सर्वांदेखत क्षमा मागावी आणि पुढचा मोसमभर नेटमध्ये रोज त्याला गोलंदाजी टाकून खेळायला शिकवावे.

कागदाच्या शेवटी मी आणखी एक ओळ लिहिली, आणि तिलाच सर्वांत जास्त वेळ लागला. हातमोजे लपवताना मी पाहिले होते. मांडीवर वही घेऊन मी हसत बसलो. एक शब्द उच्चारला असता तर ते मोजे वेळेवर मिळाले असते. हजारे यांच्या मौनाने संघ सावरला. माझ्या मौनाने एक मुलगा एकटा पडला. तेव्हा क्षमा मागणाऱ्यांच्या रांगेत दुसरे नाव माझे असावे.

समितीने ते मान्य केले. क्षमा आम्ही दोघांनी मागितली, मराठीत नव्हे तर कन्नडमध्ये. माझ्या मित्राचे उच्चार इतके चुकले की प्रथम उजवा बाक हसला, मग डावा, आणि शेवटी तो अकरावा खेळाडूही. आता नेटमध्ये रोज सायंकाळी ही जोडी दिसते. परवाच्या सामन्यात त्या मुलाने नाबाद चार धावा केल्या. माझ्या वहीत त्या चार धावा मी जरा ठळक अक्षरांत लिहिल्या आहेत.