पेंग्विनच्या अंड्यासाठी : डॉ. एडवर्ड विल्सन यांची गोष्ट



पेंग्विनचा विषय निघाला की मुलं खूश होतात. त्या वेळी डॉ. एडवर्ड विल्सन यांची गोष्ट जरूर सांगावी.

विल्सन यांचा जन्म २३ जुलै १८७२ रोजी इंग्लंडमधील चेल्टनहॅम येथे झाला. लहानपणापासून त्यांना पक्ष्यांचं आणि चित्रांचं वेड होतं. डॉक्टरकी शिकताना त्यांना क्षयरोगाने गाठलं. त्यातून बरे होऊन १९०१ साली ते कॅप्टन स्कॉट यांच्यासोबत अंटार्क्टिकाला गेले.

तिथे केप क्रोझियर या ठिकाणी एम्परर पेंग्विनची वसाहत सापडली. ऑक्टोबरमध्ये, म्हणजे तिकडच्या वसंतातच, पिल्लं जन्मलेली होती. याचा अर्थ अंडी ऐन हिवाळ्यात, अंधारात घातलेली असणार, हे विल्सन यांनी ओळखलं.

आज आपल्याला माहीत आहे की हा पेंग्विन घरटं बांधतच नाही. मादी एकच अंडं घालते, ते नराकडे सोपवते आणि समुद्राकडे निघून जाते. नर ते अंडं पायांवर ठेवून पोटाच्या कातडीखाली झाकतो आणि दोन महिन्यांहून जास्त काळ उपाशी उभा राहतो. थंडीत सगळे नर एकमेकांना चिकटून उभे राहतात. पिल्लू बाहेर येण्याच्या सुमारास आई परत येते.

पक्षी सरपटणाऱ्या प्राण्यांपासून कसे झाले याचा पुरावा अंड्यातल्या गर्भात मिळेल, असं त्या काळी वाटत होतं. म्हणून २७ जून १९११ रोजी विल्सन, बॉवर्स आणि चेरी-गॅरार्ड असे तिघे निघाले. सुमारे १०० किलोमीटर अंतर कापायला १९ दिवस लागले. पारा शून्याखाली ६० अंशांपर्यंत उतरला. वसाहतीत काही पक्षी चक्क बर्फाचा गोळाच अंडं समजून उबवताना दिसले! पाच अंडी घेतली, त्यातली दोन वाटेत फुटली. वादळात तंबू उडाला, पण नशिबाने परत सापडला. १ ऑगस्टला तिघेही जिवंत परतले.

पुढे १७ जानेवारी १९१२ रोजी विल्सन स्कॉटसोबत दक्षिण ध्रुवावर पोहोचले. परतीच्या वाटेवर मार्चअखेर तंबूतच त्यांचा अंत झाला. वय अवघं ३९.

ती तीन अंडी लंडनच्या संग्रहालयात गेली. तपासणीत अपेक्षित पुरावा काही मिळाला नाही. मुळात ती कल्पनाच चुकीची होती.

ही गोष्ट मी चौथीच्या वर्गात सांगितली तेव्हा एका मुलाने विचारलं, मग एवढे कष्ट फुकटच गेले का? मी क्षणभर थांबले. मग म्हटलं, नाही रे. हिवाळ्यात अंडी उबवणारे एम्परर पेंग्विन माणसाने पहिल्यांदा पाहिले ते याच प्रवासात. विल्सन यांचा एक अंदाज खरा ठरला, एक चुकला. पण जाऊन पाहिलं, म्हणूनच दोन्ही कळलं.

वर्गात उत्तर चुकलं की आपण पटकन फुली मारतो. त्याआधी मुलाने ते कसं शोधलं, हे एकदा विचारून बघूया.

उपक्रम : मुलांना दोन्ही पायांवर चेंडू ठेवून, तो न पाडता चार पावलं चालायला सांगा. पेंग्विन बाबाचे कष्ट लगेच समजतात!