पदवी नसलेले मार्गदर्शक : डॉ. सलीम अली

विद्यार्थी मित्रांनो, विहिरीवर वाकलेल्या बाभळीला लोंबणारी सुगरणीची घरटी आपण शिरूर अनंतपाळच्या शिवारात पाहिली असतीलच. ती विणतो नर. नाव मात्र सुगरण!

या पक्ष्याचा संसार उलगडून दाखविणाऱ्या सलीम अलींचा जन्म मुंबईत १८९६ साली झाला. आईवडिलांचे छत्र लवकर हरपले, मामांनी वाढविले. छऱ्याच्या बंदुकीने पाडलेली पिवळ्या गळ्याची चिमणी कोणती, हे विचारायला ते बॉम्बे नॅचरल हिस्टरी सोसायटीत गेले आणि पक्ष्यांचेच झाले. कॉलेज अर्धवट राहिले. पदवी नाही म्हणून सरकारी पक्षिशास्त्रज्ञाची जागा हुकली. बर्लिनला प्रा. स्ट्रेसेमान यांच्याकडे शिकून १९३० मध्ये परतले, तर म्युझियममधील नोकरीही गेलेली!

पालकहो, अशा वेळी घरात काय बोलले जाते, ते आपण जाणताच. पत्नी तहमिना मात्र पाठीशी राहिल्या. दोघे अलिबागजवळ किहीमला राहायला गेले. तेथे त्यांनी सुगरणीची घरटी तासन्‌तास न्याहाळली. नर अर्धे घरटे विणतो, मादीने पसंत केले तर पुरे करतो आणि लगेच दुसरे बांधायला घेतो, असे त्यांना आढळले. पुढे त्यांनी हैदराबाद संस्थानातील पक्ष्यांची पाहणी केली. आपला मराठवाडा तेव्हा त्याच संस्थानात होता.

अलीगढ विद्यापीठाने १९५८ मध्ये त्यांना सन्माननीय डॉक्टरेट दिली. मुंबई विद्यापीठाने तर पक्षिशास्त्रातील पदव्युत्तर संशोधनासाठी त्यांनाच मार्गदर्शक मानले. त्यांच्या सुरुवातीच्या एका विद्यार्थ्याने प्रबंधाला विषय घेतला, तो सुगरणीच्याच कुळाचा.